मोठी चाके, मोठी हौस

आमची आपा सहसा सांजवेळी घराबाहेर पडत नाही. गेल्या महिन्यात एका गुरुवारी मगरिबनंतर ती आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "तुझ्या भाच्याला जरा समजाव बाबा. भिशी लागलीय, आणि पोरगा सगळी चाकांत घालायला निघालाय."

ही भिशी म्हणजे अठरा बायकांची, महिन्याला पाच हजारांची. शिलाई मशीनवर बसून आपाने ते पाच हजार दर महिन्याला काढले होते. नंबर लागला की नव्वद हजार हातात येणार. त्यातून धाकट्या भाचीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे भरायचे आणि उरतील ते भाच्याच्या गाडीला टायर घालायला द्यायचे, असे घरात ठरले होते. टायर खरेच झिजले होते. पण भाचा दुकानात गेला टायर बघायला आणि परत आला तो मोबाइलमध्ये फोटो घेऊन. रुंद टायर, चकचकीत अलॉय डिस्क, पाचही चाके नवी. हिशेब पंच्याऐंशी हजार.

वाचक बंधू-भगिनींनो, एसटीच्या वर्कशॉपमध्ये माझी उभी हयात गेली. हात काळे झाले, पण टायर या वस्तूशी ओळख पक्की झाली. या सदरात आजवर कुकरच्या रिंगपासून दुचाकीच्या चेनपर्यंत सगळे लिहिले. या वेळी भाच्याच्या पिकअपविषयी लिहितो. आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल अशाच एखाद्या जुन्या गाडीवर पेटते, म्हणून हा विषय एकट्या भाच्याचा नाही.

गाडी अकरा वर्षांची बोलेरो पिकअप. एमएच 09 पासिंग, दुसऱ्या हाताची. शाहू मार्केट यार्डातून भाजी आणि गूळ भरायचा, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरायचा आणि कणकवलीच्या बाजारात माल द्यायचा. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या. घाट पावसाने बंद असला तर गगनबावड्याची वाट.

भाच्याला मी रविवारी सकाळी गाडी घेऊन बोलावले. आल्या आल्या त्याने कारणांची यादीच वाचली. "मामू, गाडी मागून बसल्यासारखी दिसते. शेतातून माल भरताना चिखलात अडकते. महापूर आला की पाण्यातून काढता येत नाही. मोठा टायर असेल तर वजनही जास्त घेईल. आणि..." इथे तो थांबला.

"आणि यार्डात सगळ्यांच्या गाड्यांना आहेत," मी म्हणालो.

तो हसला. हौसेला मोल नसते म्हणतात. मी हौसेच्या विरोधात नाही. पण पाच कारणे दिलीत तर पाचही तपासून बघू, एवढेच मी म्हणालो.

आधी टायरवरचे आकडे वाचायला शिकू. त्याच्या टायरवर लिहिले होते 215/75 आर 15. यातला 215 हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. 75 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या 75 टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी. 15 म्हणजे ज्या डिस्कवर तो बसतो तिचा व्यास इंचात. भिंतीची उंची झाली 161 मिलिमीटर आणि थोडी वर. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, त्यात 15 इंच म्हणजे 381 मिलिमीटर मिळवायचे. पूर्ण चाकाची उंची आली 703 मिलिमीटर.

दुकानदाराने सुचवलेला टायर 235/75 आर 15. तोच हिशेब केला तर उंची 733 मिलिमीटर येते. चाक 30 मिलिमीटरने मोठे झाले. पण गाडी 30 मिलिमीटरने वर जात नाही. चाक मध्यावर फिरते, त्यामुळे गाडी उचलली जाते निम्मी, म्हणजे 15 मिलिमीटर. बोटाचे एक पेर धरा, त्याहूनही कमी. भाच्याने बोट पुढे करून पाहिले आणि गप्प झाला.

पहिले कारण होते गाडी बसल्यासारखी दिसते हे. मी चटई टाकून गाडीखाली गेलो. वाळलेला चिखल खरवडून काढला. मागच्या उजव्या बाजूच्या पाट्याचे तिसरे पान तुटलेले होते. डाव्या बाजूची कमान जवळजवळ सपाट झालेली. गाडी बसल्यासारखी दिसत नव्हती, ती खरोखरच बसली होती. या गाडीला 30 मिलिमीटर मोठे चाक घातले असते तर ती वरून उंच दिसली असती आणि तुटलेले पान तसेच राहिले असते. त्या पाट्यावर तो गुळाच्या ढेपा घेऊन घाट उतरत होता. मी त्यालाही खाली बोलावून बॅटरीच्या उजेडात ते पान दाखवले. नंतर बराच वेळ तो काही बोलला नाही.

दुसरे कारण चिखल. रुंद टायर चिखलात चांगला, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. भुसभुशीत वाळूवर रुंद टायर वजन पसरवतो आणि वर राहतो. पण आपल्याकडे उसाच्या पाणंदीत पावसाळ्यात वर राड असते आणि खाली घट्ट जमीन. तिथे अरुंद टायर राड कापून खालच्या जमिनीला धरतो, रुंद टायर मात्र वरच घसरत राहतो. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप आठवा. जगभरच्या चिखलातून ती फिरली, आणि तिचा टायर होता 6.00-16, म्हणजे फक्त सहा इंच रुंद.

जीपचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो. ही जीप भारतात जोडायला लागली ती कंपनी 1945 साली पोलादाच्या व्यापारासाठी निघाली, तेव्हा तिचे नाव होते महिंद्रा अँड मोहम्मद. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. 1948 मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. भाच्याला हे ठाऊक नव्हते. "म्हणजे आपल्या गाडीवर मोहम्मद लिहिलेलं असतं?" असे त्याने विचारले. असते कदाचित, पण टायर तरी तेच लागले असते, असे मी म्हणालो.

चिखलाकडे परत येतो. मी विचारले, गाडी अडकते ती भरलेली असताना की रिकामी असताना? तो म्हणाला, बहुतेक वेळा आत जाताना, रिकामी असताना. हेच खरे उत्तर आहे. पिकअपला इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे जाते आणि रिकामी गाडी मागून हलकी असते. चाक जमिनीवर दाबलेच जात नाही, मग ते धरणार काय? यावर उपाय टायरची नक्षी हा आहे. मागच्या दोन चाकांना खोल, आडव्या खाचांची नक्षी घ्यायची. पुढच्या चाकांना सरळ उभ्या खाचांची, म्हणजे ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग हलके आणि सरळ राहते. चार रिकामी पोती गाडीत कायम ठेवायची आणि चाक फिरायला लागले की त्याखाली सरकवायची. हा उपाय फुकट आहे.

तिसरे कारण महापूर. कोल्हापूरकराला या शब्दाची वेगळी व्याख्या सांगावी लागत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस थांबली. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. त्या दिवसांत रस्त्यावर उभे राहिलेले मोठमोठे कंटेनर आपण सगळ्यांनी पाहिले. त्यांची चाके आपल्या चाकांपेक्षा कितीतरी मोठी होती, तरी ते थांबले. मग आपण 15 मिलिमीटर मिळवून कुठे जाणार? उलट एक गोष्ट लक्षात ठेवा. टायरमध्ये हवा असते आणि हवा तरंगते. टायर जितका जाड तितका पाण्यात तो गाडीला वर ढकलतो आणि रस्त्यावरची पकड कमी होते. वाहत्या पाण्यात मग गाडी कडेला सरकायला वेळ लागत नाही. पुराच्या पाण्यात गाडी घालायची नाही, यावर कोणतेही चाक हा उपाय नाही.

चौथे कारण वजनाचे, आणि इथे दुकानदाराच्या सल्ल्यातली खरी मेख सापडली. टायरच्या आकारानंतर आणखी एक आकडा असतो, भार-निर्देशांक. त्याचा तक्ता ठरलेला आहे. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, 104 म्हणजे 900, 106 म्हणजे 950, 109 म्हणजे 1030. त्यानंतरचे इंग्रजी अक्षर वेगाची मर्यादा सांगते. भाच्याच्या जुन्या टायरवर एलटी, म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर, अशी खूण होती आणि पुढे 106/103. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाक असेल तर. म्हणजे एक टायर 950 किलो घेतो.

आता मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला. नव्या रुंद टायरवर एलटी नव्हतेच, आणि आकडा होता 105. म्हणजे 925 किलो. दिसायला मोठा, उचलायला लहान. तो टायर प्रवासी गाडीचा होता. माणसे बसवून फिरणाऱ्या गाडीला तो उत्तम, पण गुळाच्या ढेपा घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीला नाही.

आणि समजा टायर जास्त वजनाचा मिळाला, तरी गाडी जास्त वजन घेऊ शकते असे होत नाही. पाटे, एक्सल, हबमधली बेअरिंग आणि ब्रेक तेच राहतात. आरसी बुकात जे एकूण वजन लिहिले आहे तेवढेच. आपल्या भागात उसाच्या बैलगाड्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची, तेव्हा बैलाला ओढता येईल तेवढाच ऊस भरला जाई. टायरची बैलगाडी आली, ओढायला हलकी झाली. बैलाला आराम मिळायला हवा होता. तसे झाले नाही, मोळ्या वाढल्या. चाकाने जे सोपे केले ते माणसाने वजनात घालवले. चढावर बैलांच्या तोंडाला फेस येतो, तो आपण दर हंगामात पाहतो. पिकअप बोलत नाही, म्हणून तिचा फेस दिसत नाही.

आता जे भाच्याच्या यादीत नव्हते ते सांगतो. चाक मोठे झाले की इंजिनला ते फिरवायला जास्त जोर लागतो. कण्यापासून जमीन जितकी लांब, तितकी जमिनीवर मिळणारी ओढ कमी. 703 वरून 733 वर गेलो तर ओढ चार टक्क्यांनी घटते. गंमत पाहा, पिकअप गाडीचा पिकअपच पडतो. यार्डातल्या काही पोरांनी 31 इंची टायर घातले आहेत. त्यांची उंची 787 मिलिमीटर. तिथे ओढ दहा टक्क्यांहून जास्त जाते. मग घाट चढताना एक गिअर खाली राहावे लागते, क्लच जळतो, डिझेल वाढते.

चढण एकवेळ ठीक. उताराचा विचार करा. जी गोष्ट इंजिनची, तीच ब्रेकची. पायडल तेवढेच दाबले तर मोठ्या चाकाला थांबवणारा जोर तितक्याच प्रमाणात कमी पडतो. चाक जड असेल तर आणखी. गिअरमध्ये गाडी उतरवताना इंजिन जी ओढून धरते, तीही सैल होते. फोंडा घाटाच्या वळणांवर दोन टनांहून जास्त वजन मागून ढकलत असते, तेव्हा चार टक्के हा कागदावरचा आकडा राहत नाही.

मीटरही खोटे बोलू लागते. मीटर चाकाचे फेरे मोजते, चाकाची उंची त्याला कळत नाही. 235 च्या टायरवर मीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टच्या वेगाने जात असेल. 31 इंचीवर 67 ने. आणि शंभर किलोमीटर धावलेली गाडी मीटरवर 96 दाखवेल. ॲव्हरेज पडला म्हणून मग लोक पंप, नोझल उघडून बसतात. ॲव्हरेज पडलेला असतोच, पण त्यातला काही भाग नुसता मीटरचा असतो.

इथवर आलो तेव्हा भाच्याने विचारले, "मामू, तुम्ही कधी मोठे टायर घातले नाहीत?"

घातले होते. अब्बांचा एक जुना टेम्पो होता. मी तेव्हा विशीतला, वर्कशॉपला नुकता लागलेलो, सगळे कळते अशा तोऱ्यात. लिलावातून एक नंबर मोठे टायर स्वस्तात मिळाले. गाडी रिकामी असताना बसवले, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून पाहिले, कुठे घासत नव्हते. अब्बांकडून शाबासकी घेतली. पण माल भरल्यावर गाडी खाली बसते आणि चाक मडगार्डच्या जवळ येते, हे मी पाहिले नव्हते. प्रत्येक डाव्या वळणावर पुढचा टायर आतल्या पत्र्याच्या धारेला घासत होता. महिनाभरात टायरच्या बगलेत खोल रेघ पडली. घाट उतरताना तो फुटला. गाडी चालवत होते भाईजान. त्यांनी ती दरीऐवजी डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून अल्लाहच्या कृपेने जीव वाचला. मनगट मोडले. आजही त्यांच्या उजव्या हाताची मूठ पुरती मिटत नाही. ईदला गळाभेट घेताना तो हात माझ्या पाठीवर येतो तेव्हा मला तो टायर आठवतो. दुकानदाराचा दोष नव्हता, रस्त्याचाही नव्हता. टायर मी निवडला होता.

भाच्याला भाईजानचा हात लहानपणापासून ठाऊक होता. तो हात तसा का, हे त्याला त्या दिवशी कळले.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेसला न्यावी लागते, तिथे टायर बघतात. आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. कंपनीने त्याच मॉडेलसाठी आपल्या पुस्तकात दुसरा आकार दिलेला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून आधी दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आणि गाडीचे पुस्तक पाहायचे, दुकान नंतर.

ज्यांना डिस्क मोठी हवीच आहे त्यांच्यासाठी एक रीत आहे. चाकाची बाहेरची उंची तीच ठेवायची, डिस्क वाढवायची आणि टायरची भिंत कमी करायची. उदाहरणार्थ 215/70 आर 16. याची उंची 707 मिलिमीटर, म्हणजे मूळच्या जवळपास तेवढीच. मीटर, ओढ, ब्रेक फारसे बिघडत नाहीत. पण इथेही भार-निर्देशांक मूळच्यापेक्षा कमी नको, आणि पुस्तकाचा नियम आहेच. शिवाय भिंत कमी झाली की खड्ड्याचा दणका डिस्कला लागतो. लोखंडी डिस्क वाकते आणि ठोकून सरळ होते. अलॉय वाकण्याऐवजी तडकते, आणि तडा सहज दिसत नाही. मालाच्या गाडीला मी लोखंडीच डिस्क सांगतो. डिस्क बदलायचीच असेल तर नटांची भोके, त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधले मोठे भोक आणि डिस्क बाहेर किती येते, हे चारही मूळच्याशी जुळायला हवे. चाक बाहेर आले की रुबाब वाढतो, पण हबच्या बेअरिंगवर ताण येतो आणि चिखल थेट दरवाजावर उडतो.

शेवटी भाच्याने काय केले? मी निर्णय दिला नाही. गाडी त्याची, पैसे त्याच्या आईचे. दोघे मायलेक आमच्याच ओसरीवर बसून हिशेब करत राहिले. मूळच्याच आकाराचे, एलटीचे, 106 चे पाच टायर. मागचे दोन खाचांच्या नक्षीचे. पाट्यांचे तुटलेले पान बदलून दोन्ही बाजूंना नव्याने कमान. पुढच्या चाकांचे अलाइनमेंट, कारण जुने टायर आतल्या बाजूने जास्त झिजले होते आणि तो दोष नव्या टायरांनाही खाल्ल्याशिवाय राहिला नसता. सगळे मिळून बेचाळीस हजारांच्या आत बसले. अठ्ठेचाळीस हजार भाचीच्या प्रवेशाला उरले.

पाटे होऊन आले तेव्हा गाडी मागून चार बोटे वर उठली होती. मोठ्या टायरने दिली असती त्याहून जास्त. जुन्या लोखंडी डिस्क भाच्याने स्वतः घासून पांढऱ्या रंगवल्या, नटांवर लाल टोप्या बसवल्या. हौसेचा खर्च आला साडेसातशे रुपये. तरी त्याचे मन पूर्ण भरले आहे असे मी म्हणणार नाही. यार्डात 31 इंचीवाली गाडी शेजारी लागली की अजून त्याची नजर तिच्या चाकांकडे जाते. जाऊ दे. नजरेला डिझेल लागत नाही.

टायर घ्यायला निघताना वाचकांनी एवढे करावे. जुन्या टायरवरचा आकार, एलटी, भार-निर्देशांक आणि वेगाचे अक्षर कागदावर लिहून न्यावे. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो घ्यावा. एका कण्यावर दोन्ही टायर एकाच आकाराचे, एकाच नक्षीचे असावेत. रिमोल्ड टायर वापरायचा असेल तर मागे, पुढे कधीच नाही. खाचांच्या तळाशी उंचवट्याची खूण असते, 1.6 मिलिमीटरची, टायर तिच्याबरोबरीने झिजला की त्याचे दिवस संपले. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, आणि स्टेपनीची हवासुद्धा. नवी चाके बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. आणि बनावटीची तारीख बघावी. टायरच्या बगलेत डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 3523 म्हणजे 2023 सालचा पस्तिसावा आठवडा.

हे शेवटचे मी ओसरीवर भाच्याला समजावत होतो, आपा भाजी निवडत ऐकत होती. टायर घ्यायच्या दिवशी तीही दुकानात गेली. पैसे माझ्या पर्समध्ये आहेत, मीच देणार, म्हणाली. आपाला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. दुकानदाराने पाच टायर ओळीने उभे केले. भाचा नक्षी बघत होता. आपा ओढणी सावरून खाली वाकली, एकेका टायरच्या बगलेवर बोट फिरवत गेली आणि चौथ्यापाशी थांबली.

"शेठ, हा तीन वर्षांपूर्वीचा आहे," ती म्हणाली. "बदलून द्या."

दुकानदाराने वाकून पाहिले आणि काही न बोलता आतून दुसरा आणला.